टाकी झाकायला ‘एक वेल सोडा’ म्हणणाऱ्यांना

अंगणातली पाण्याची टाकी डोळ्यांत खुपते, हे मला कोणी सांगायला नको. संताप येतो तो ती झाकण्यासाठी जो तो देत असलेल्या एकाच सल्ल्याचा: ‘एक वेल सोडा तिच्यावर, दिसणारसुद्धा नाही.’ असे सांगणाऱ्यांनी टाकीचे झाकण कधी उघडून पाहिले असेल, यावर माझा विश्वास नाही.

टाकी ही वापरातली वस्तू आहे. तिच्यातला गाळ काढावा लागतो, आणि टाकी भरली की पाणी बंद करणारा बॉल व्हॉल्व्ह अडकला की झाकणातून हात घालून तो बदलावा लागतो. आमच्या बागेचे काम ज्याच्याकडे दिले होते, त्याने टाकीला अगदी खेटून वेल लावली आणि पैसे घेऊन तो मोकळा झाला. आज त्या वेलीचे तणावे झाकणाच्या कडेखाली शिरले आहेत, सुकलेली पाने ओव्हरफ्लोच्या तोंडाशी साचून कुजत आहेत, आणि तळाचा व्हॉल्व्ह फिरवायचा तर आधी कात्री घेऊन त्या जंजाळात खांद्यापर्यंत हात खुपसावा लागतो. सांधा गळत होता, तो पानांआड कोणाला दिसलाच नाही. शेजारची भिंत ओली झाली तेव्हा कळले!

बांबू सुचवणाऱ्यांची तर मला चीडच येते. पसरणाऱ्या जातीच्या बांबूचे कंद जमिनीखालून कुठवर धावतात, याचा विचार ते करत नाहीत. 1000 लिटर पाण्याचे वजन 1 टन भरते. एवढा भार पेलणारा ओटा मुळांनी एका बाजूने उचलला, तर टाकी कलते आणि सगळा ताण पाइपच्या जोडावर येतो. रंग देऊन टाका, हा आणखी एक सल्ला. टाकीच्या प्लास्टिकवर, म्हणजे पॉलिथिलीनवर, साधा रंग नीट धरत नाही, त्याचे पापुद्रे सुटतात. (शिवाय टाकी काळी असते ती उगाच नव्हे: उजेड आत गेला नाही, तर शेवाळ धरत नाही.)

करायचे ते इतके अवघडही नाही. टाकीपासून दोन-अडीच फूट सोडून ताटी उभारावी, वेल त्या ताटीवर चढवावी, आणि ताटीची एक बाजू दारासारखी उघडती ठेवावी, म्हणजे टाकी नजरेआडही राहते आणि दुरुस्तीला आलेल्या माणसाला आत उभेही राहता येते. पैसे घेऊन काम करणाऱ्याला एवढे सुचू नये? रोप विकणाऱ्याला ते पूर्ण वाढल्यावर किती रुंद होईल असे विचारावे, तर ‘छाटत राहा’ एवढेच उत्तर मिळते. टाकीला चिकटलेल्या बाजूने ते छाटायचे कसे, हे त्याने एकदा इथे येऊन, कात्री हातात घेऊन मला करून दाखवावे.