‘गूगलवरून उचललेलं’ म्हणणाऱ्या वाचकास

नमस्कार. ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलातल्या उंदरांवर मी लिहिलेल्या ‘येऊरचे उंदीर: दोषी नरच’ या लेखावर तुम्ही लिहिलंत, ‘भाऊ, नराच्या अंगावर परजीवी (पिसवा, गोचिडी वगैरे) जास्त, हे गूगलवरून उचललेलं दिसतंय. दमटपणा, बिळं, उंदरांची दाटी यांचं काय? आणि युरोपातले निष्कर्ष येऊरला कसे लावता?’

आधी हे सांगते, की मी भाऊ नाही. ब्लॉगच्या माथ्यावर माझं नाव ठळक आहे. लेखावर तुटून पडण्याआधी तेवढं तरी वाचायचं.

आता ‘उचललेलं’. अहो, परवानगी घेऊन काम करणाऱ्या एका संशोधकाच्या हाताखाली मी येऊरला पिंजरे लावलेत. पाऊस सरल्यावर, गुडघाभर गवतात, पहाटे. हातमोजे चढवून उंदीर धरायचा, पांढऱ्या ट्रेवर त्याचे केस विंचरायचे, पडलेल्या पिसवा चिमट्याने अल्कोहोलमध्ये टाकायच्या, मग भिंगाखाली कानाच्या पाळीत गोचिडीची पिल्लं शोधायची. बहुतेकांच्या अंगावर काहीच नाही किंवा अगदी थोडं; एखाद्याचा कान मात्र गच्च भरलेला. हे घरी बसून कळत नाही.

असं मोजक्यांवरच का साचतं? 2001 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात वुड माउस आणि बँक व्होल या युरोपातल्या रानउंदरांना टेस्टोस्टेरॉन, म्हणजे नराचं हार्मोन, दिलं, तेव्हा त्यांची गोचिडीविरुद्धची प्रतिकारशक्ती घटली. शिवाय नर लांबवर भटकतो, अंगानेही बहुधा थोराड. इटलीत पिवळ्या मानेच्या उंदरांपैकी फक्त नरांचे जंत औषधाने कमी केले, तर माद्यांमधलेही घटले. फक्त माद्यांना औषध दिलं तेव्हा नरांत म्हणावा तसा फरक पडला नाही. युरोपातलं आहे, हो. लेखातही ‘युरोपात’ असंच लिहिलंय. पण घोडबंदर रोड ओलांडला की नराचे हार्मोन बदलतात, असं तुमचं म्हणणं आहे का?

शीर्षकातलं ‘दोषी नरच’ जरा भडक होतं, मान्य. त्यातला ‘च’ काढलाय.

दमटपणा वगैरे मला ठाऊक आहे हो. पिसवेची अळी उंदरावर नसतेच, बिळात वाढते आणि कोरड्या बिळात मरते. दाटी वाढली तर तेवढ्याच गोचिडी जास्त उंदरांत वाटल्या जातात, मग दर उंदरामागचा आकडा उतरतोही. लेख नरांवर होता, म्हणून हे आलं नाही. एका लेखात सगळं कोंबायचं तर पुस्तकच लिहावं लागेल, आणि ते तुम्ही वाचणार नाही.

राहिला तुमचा शेवटचा परिच्छेद, ‘गोचिडींमुळे स्क्रब टायफस होतो, तो कुठाय?’ हा तापाचा आजार गोचिडीमुळे होत नाही. चिगर माइट या बारीक किड्याची अळी चावल्यामुळे होतो. दुसऱ्याला गूगलवरून टोमणे मारताना एवढं तरी गूगल करायचं होतं.

यापुढे टोपणनावाने आलेली प्रतिक्रिया मी छापणार नाही.