आठ जणांचे टेबल

आमच्या वेंगुर्ल्याच्या शाळेतला वर्ग आता पुणे, ठाणे, पर्वरी असा विखुरलेला आहे. साठी उलटल्यावर सगळ्यांनी मिळून नॉर्वेची क्रूझ करायची ठरली, आणि जहाज इंग्लंडमधल्या साऊदॅम्प्टनहून सुटणार आणि मी तिथून जवळच ईस्टलेला राहत असल्यामुळे सगळ्या चौकशा माझ्याकडे आल्या. केबिन कोणती घ्यावी, गरम कपडे किती आणावेत, हे प्रश्न चटकन मिटले. वाद पेटला तो जेवणाच्या टेबलावरून. मुख्य भोजनगृहात सहा किंवा आठ जणांच्या टेबलावर अनोळखी प्रवाशांबरोबर बसावे लागू शकते, असे मी कळवताच एका मैत्रिणीने लिहिले, "एवढे पैसे मोजायचे आणि शेजारी कोणीही येऊन बसणार?" तिच्याशी सहमती दाखवायला सगळा गट धावला. मग मागणी निघाली की सहल कंपनीने आपल्यासाठी वेगळा कोपरा, वेगळी वेळ आणि जमल्यास आपलाच आचारी मिळवून द्यावा.

मला याचा राग आला आणि तो अजून उतरलेला नाही.

जुन्या पद्धतीच्या जहाजांवर रात्रीच्या जेवणाच्या दोन बैठका असतात, एक साडेसहाच्या सुमाराची आणि दुसरी साडेआठच्या. बुकिंग करताना बैठक निवडायची, टेबलाचा आकार सांगायचा, आणि मग जो क्रमांक मिळेल तेच टेबल, तीच माणसे आणि तोच वेटर प्रवास संपेपर्यंत. माणसे आपण निवडत नाही, आणि मला या व्यवस्थेचे मोल वाटते ते नेमके त्यासाठीच.

आम्ही नवराबायको याआधी नॉर्वेला गेलो होतो त्या सफरीत आम्हा दोघांच्या टेबलावर इंग्लंडच्या हल्ल बंदराचा एक निवृत्त बसचालक आणि त्याची बायको, स्वान्सीच्या दोघी बहिणी आणि एक्सेटरचे दोन जुने मित्र होते. पहिली रात्र हवा आणि टर्मिनलवरचे पार्किंग यांतच गेली. माझे यजमान जन्माने शाकाहारी आहेत. त्यांच्यासाठी भारतीय जेवण आदल्या रात्री सांगून ठेवावे लागे. दुसऱ्या रात्री त्यांच्यापुढे डाळ, भात आणि फ्लॉवरची भाजी आली. समोर रोस्ट बीफ कापता कापता बसचालक थांबला, वाटीकडे बघत राहिला आणि म्हणाला, "हे आमच्या मेनूत का नाही?" यजमानांनी वाटी पुढे सरकवली. त्याने स्वच्छ चमच्याने थोडी डाळ आपल्या ताटलीत घेतली, बायकोला चाखवली, आणि आमच्या वेटरने काही न बोलता तिसऱ्या रात्रीपासून टेबलाच्या मध्यावर डाळीचे एक मोठे भांडे आणून ठेवायला सुरुवात केली. स्वान्सीची थोरली बहीण पावाच्या तुकड्याने ताटली पुसून घेऊ लागली. यजमानांचे शाकाहारीपण त्यामुळे कणभरही कमी झाले नाही.

पुढे एका रात्री, जहाज खुल्या समुद्रात हलत असताना, बसचालकाने १९६८ च्या हिवाळ्याबद्दल सांगितले. महिन्याभराच्या आत हल्लचे तीन मासेमारी ट्रॉलर उत्तरेकडच्या समुद्रांत बुडाले आणि ५८ माणसे गेली. त्याच्या गल्लीत दोन घरांचे पडदे कित्येक दिवस उघडले नव्हते. मी दाभोळी नाक्यापलीकडच्या आमच्या गाबीतवाड्यातल्या, म्हणजे मच्छीमारांच्या वस्तीतल्या, वादळांच्या रात्री सांगितल्या. इतकी वर्षे इंग्लंडमध्ये काढूनही कुणी मला असे काही सांगितले नव्हते, आणि मीही कुणाला सांगितले नव्हते. शेजारी "कोणीही" बसल्यामुळेच ते घडले.

गटातल्या एका मित्राने माझे म्हणणे खोडायला मुंबईच्या आयआयटीचा दाखला दिला. २०२३ मध्ये तिथल्या वसतिगृहांच्या मेसमध्ये सहा टेबले फक्त शाकाहारी जेवणासाठी राखून ठेवली गेली. निषेध म्हणून तिथे बसून मांसाहार करणाऱ्या विद्यार्थ्याला दहा हजार रुपये दंड झाला. मित्राचे म्हणणे असे की एवढ्या मोठ्या संस्थेला जे योग्य वाटते ते आपण मागितले तर काय बिघडले? वासाने ज्याला मळमळते त्याची अडचण मला कळते, तो माझ्या घरचाच अनुभव आहे. परंतु ताटात काय असावे हा माझा अधिकार, आणि शेजारच्याच्या ताटात काय नसावे हा माझा अधिकार, या दोन गोष्टी एक नव्हेत. पवईतल्या विशी-बाविशीच्या मुलांना दंडाची पावती देऊन दुसरा अधिकार पहिल्याच्या बरोबरीचा ठरवला गेला, हे मला इथे बसूनही सहन होत नाही.

शिवाय हे आपल्या महाराष्ट्रात व्हावे! १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा पुढे आला, तेवढ्यावरून लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यासह अनेकांवर ग्रामण्य, म्हणजे जातीचा बहिष्कार, आले आणि प्रकरण प्रायश्चित्तापर्यंत गेले. त्यानंतर समतानंद अनंत हरि गद्रे यांच्यासारख्यांनी झुणका-भाकरीची सहभोजने घालून लोकांना एका पंगतीत बसवण्यासाठी हाडे झिजवली. एवढे सगळे होऊन गेल्यावर आपण पुन्हा टेबलांवर पाट्या लावणार असू, तर ती केवळ आवडीनिवडीची बाब आहे असे मला कुणी सांगू नये.

यावर मला विचारले गेले की तुमच्या इंग्रजांच्या जहाजांवर भेद नसतो का? असतो, आणि तो पैशाचा असतो. क्वीन मेरी २ या जहाजावर महागड्या स्वीटच्या, म्हणजे ऐसपैस दालनांच्या, प्रवाशांना क्वीन्स ग्रिल आणि प्रिन्सेस ग्रिल ही वेगळी भोजनगृहे असतात. बाकीचे ब्रिटानिया या भोजनगृहात जेवतात. नॉर्वेजियन क्रूझ लाइनने २००० च्या सुमारास ठरलेले टेबल आणि ठरलेली वेळ दोन्ही काढून टाकली, मग इतरांनीही तो पर्याय दिला, आणि आता दोघांच्या टेबलांना मागणी वाढली आहे. म्हणजे अनोळखी माणसाबरोबर जेवण्याची सवय इथेही मोडत चालली आहे. तरीही पैशाची भिंत आणि जन्माची भिंत मी एका मापाने मोजणार नाही. पैसे साठवून वरच्या डेकवर जाता येते.

आमचा वेटर मडगावजवळचा होता. तो कोंकणीत बोले, मी मालवणीत, आणि दोघांचे अडत नसे. त्याचे आजोबा पी अँड ओ या ब्रिटिश कंपनीच्या जहाजांवर स्टुअर्ड होते आणि दोन सफरींच्या मध्ये मुंबईत धोबीतलावच्या कुडीत, म्हणजे गोवेकरांच्या सामायिक निवासात, राहत. गोव्याच्या तारवट्यांच्या, म्हणजे बोटींवर नोकरी करणाऱ्यांच्या, पिढ्यान् पिढ्या या बोटींवर परक्यांना वाढण्यात गेल्या. त्याच्या देखत वेगळा कोपरा आणि वेगळा आचारी मागायचा, ही कल्पनाच मला ओशाळवाणी वाटते. भाऊच्या धक्क्यावरून वेंगुर्ल्याला येणाऱ्या 'रोहिणी'च्या डेकवर चटईला चटई लावून लोक बसत, आणि शेजारच्या अनोळखी बाईने दिलेला घावन आई मला निमूटपणे खाऊ देई. आमच्या वर्गातली निम्मी मुले त्याच बोटीने आली-गेली आहेत.

कदाचित माझ्या रागाचे मूळ आणखी कुठे असेल. ईस्टलेच्या आमच्या रस्त्यावर सगळे सौजन्याने वागतात, नाताळला कार्डे येतात, सुटीत एकमेकांची मांजरे सांभाळली जातात. पण जेवायला मात्र कुणी कुणाला बोलावत नाही. गावी लग्नाला गेले की भाऊ प्रेमाने मला पंख्याखालच्या टेबलावर बसवतो, सीलबंद पाण्याची बाटली आणि कमी तिखटाची उसळ माझ्यासाठी वेगळी येते, आणि माझी चुलत भावंडे पलीकडे एकमेकांना आग्रह करत जेवतात. माझ्यासाठी ते वेगळे टेबल माझ्याच माणसांनी मांडलेले आहे, कुणी पाटी न लावता. जहाजावरच्या त्या आठ खुर्च्यांपैकी एक मात्र रोज रात्री नि:संशय माझी होती, आणि मला दोन मिनिटे उशीर झाला तर सात माणसे दरवाजाकडे बघत असत. वर्गातल्या माझ्या माणसांनी असे टेबल नाकारावे, याचे मला दु:ख होते.

सहल कंपनीला अजून उत्तर गेलेले नाही. माझी सूचना अशी आहे की गटाने जेवणाची दुसरी, साडेआठची बैठक निवडावी, आठांच्या टेबलांवर तीन-तीन, चार-चार असे वाटून बसावे आणि उरलेल्या खुर्च्या जहाजाला भरू द्याव्यात. शाकाहारी आणि कांदा-लसूण नको असलेल्यांनी तसे बुकिंगच्या वेळीच लेखी कळवावे, आणि जहाजावर पोचल्यावर पहिल्याच संध्याकाळी हेड वेटरला भेटून पुन्हा सांगावे. डाळ मागताना थोडी जास्तच मागावी.