दिवाण काढा, बार लावा

पहिलं काम दिवाण काढायचं. हॉलमध्ये खिडकीखाली असतो तो. त्याच्या पोटात चार रजया, दोन जास्तीच्या गाद्या आणि लग्नात आलेला, अजून न उघडलेला डिनर सेट आहे. घरात बार करायचा म्हणजे जागा लागते, आणि दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये रिकामी जागा अशी नसतेच. ती कुणाच्या तरी बुडाखालून ओढून काढावी लागते. दुपारी त्या दिवाणावर कोण पडतं, हा विचार करत बसू नका. मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळिशी ओलांडतो तेव्हा कूलरसमोर आडवं व्हायला मिळणं ही चैन आहे. बार ही गरज आहे.

मनीषनगर, बेसा, हिंगणा रोड अशा भागांत नवीन फ्लॅट घेतलेली मंडळी हल्ली मला विचारतात, ‘घरात बार करावा का? जागा वाया तर नाही जाणार?’ (मलाच का विचारतात, ते पुढे येईलच.) मी सगळ्यांना एकच सांगतो. बिनधास्त करा, फक्त अर्धवट करू नका.

तर मापं लिहून घ्या. काउंटर ४२ इंच उंच आणि २ फूट रुंद. त्याच्यामागे तुम्ही उभे राहणार, वाकून खालच्या फळीवरची बाटली काढणार, तिथे ३ फूट. पुढे स्टूल आणि स्टुलावरच्या माणसाचे पाय, त्यांना निदान २ फूट. झाले ७ फूट. लांबी ५ फूट म्हटली तरी ३५ चौरस फूट गेले. तुमच्या फ्लॅटचा दर सहा हजार धरला, तर दोन लाख दहा हजारांची नुसती फरशी झाली. अजून एक खिळा ठोकलेला नाही. एवढ्या जागेत लेकीचं अभ्यासाचं टेबल, चपलांचं कपाट आणि कोपऱ्यात सायकल मावली असती, हे खरं. पण सायकल पाहून कुणी ‘वा!’ म्हणत नाही.

मिस्त्री निवडताना जपा. तो ‘हो जाएगा साब’ म्हणेल, आणि होईलही. मात्र त्याने आयुष्यभर स्वयंपाकघरातले ओटे केलेले असतात, त्यामुळे त्याचा हात ३४ इंचांवर आपोआप थांबतो. तुम्ही स्टूल मागवलेले असतात ३० इंचांचे. मधल्या चार इंचांत माणसाचा गुडघा जात नाही. एका घरी मी पाहिलंय, पाहुणे काउंटरला काटकोनात बसतात, एसटीत खिडकीची जागा न मिळालेल्या माणसासारखे, एक कोपर टेकवून. मिस्त्रीला बोलावलं तर तो म्हणाला, स्टूल कापून देतो. कापले. आता ते स्टूल देवघरासमोर बसायला बरे पडतात.

खर्च ऐकून बायको विचारेल, एवढ्या पैशात बाहेर जाऊन बसलात तर? इथे तुमचा हिशेब तयार हवा. सांगा की बाहेरच्यापेक्षा घरी पेगमागे दीडशे रुपये वाचतात. २०२५ मध्ये राज्य सरकारने भारतात बनणाऱ्या, कमी निर्मितीखर्चाच्या ‘विदेशी’ मद्यावरचं उत्पादन शुल्क निर्मितीखर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट केलं, त्यामुळे दुकानातली बाटलीही महागली आहे, हे तिला सांगायची गरज नाही. जागेचे दोन लाख दहा हजार, लाकूडकामाचे दीड लाख, एकूण तीन लाख साठ हजार. दीडशेने भागा, चोवीसशे पेग आले. साडेसातशे मिलीच्या बाटलीत साठ मिलीचे साडेबारा पेग बसतात, म्हणजे एकशे ब्याण्णव बाटल्या. महिन्याला दोन धरल्या तर आठ वर्षांत पैसे फिटतात. लवकर फेडायचे असतील तर सकाळी तर्री-पोह्यापासून सुरुवात करावी लागेल. डॉक्टर काय म्हणतील तो खर्च वेगळा धरा.

आता कागदपत्रं. लोक ही पायरी गाळतात, पण तुम्ही सरळमार्गी आहात म्हणून सांगतो. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे. मुळात इथे बंदीच आहे, आणि पिणाऱ्याला त्यातून परवान्याने सूट मिळते. विदेशी मद्याचा एका दिवसाचा परवाना पाच रुपयांना, वर्षाचा शंभराला, तहहयात हजाराला. वय पंचविशीच्या पुढे हवं. परवान्यावर मजकूर असतो तो आरोग्य जपण्यासाठी म्हणून. माझं म्हणणं, तहहयात परवाना घ्या, त्याला चांगली फ्रेम करा आणि काउंटरमागे मधोमध टांगा. घरातल्या ज्येष्ठांना सांगता येतं की हे औषधोपचाराचं आहे. घरात किती बाटल्या ठेवायच्या यालाही मर्यादा आहे, पण तुमच्या मिस्त्रीने फळ्या मर्यादेला धरून केलेल्या नसतात. उरलेल्या फळ्यांवर ट्रॉफ्या मांडा. मुलांच्या चालतील.

मांडामांड हा खरा आनंदाचा भाग, आणि नागपूरकराला इथे निसर्गाची साथ आहे. स्पिरिटची, म्हणजे व्हिस्की, रम, जिन यांची बाटली उभी ठेवावी, आडवी ठेवली की तीव्र अल्कोहोल बुचाला खातं. वाईनची आडवी ठेवावी, म्हणजे बूच ओलं राहतं. वाईनला बारा-पंधरा अंश तापमान मानवतं. आपल्या हॉलमध्ये मेमध्ये दुपारी तीन वाजता पंखा बंद करून हात लावून बघा. बाटली गरम पाण्याच्या पिशवीसारखी लागते. उपाय म्हणून लोक बार कूलरसमोर करतात. कूलर हवा गार करतो आणि प्लायला ओल देतो. एका उन्हाळ्यात कडा फुगतात, दुसऱ्या उन्हाळ्यात सनमायका कोपऱ्यातून सुटते आणि वारा आला की टाळी वाजवते. मग तिथे फेव्हिकॉल लावून वर मिक्सर ठेवायचा, दाबून राहावं म्हणून. मिक्सर एकदा तिथे आला की परत जात नाही, हे आधीच ध्यानात घ्या.

संत्र्याच्या शहरात राहता, तेव्हा संत्र्याची लिकर, म्हणजे संत्र्याच्या स्वादाचं गोड मद्य, हवीच. ती बाहेरदेशी कडवट जातीच्या संत्र्याच्या सालीपासून करतात, आणि त्या बाटलीच्या किमतीत कळमन्याच्या बाजारातून पेटीभर संत्री येतात. साल आपल्याकडेही भरपूर निघते, पण ती वाळवून उटण्यात जाते. ‘ताजा संत्र्याचा रस घालून कॉकटेल करतो’ असं पाहुण्यांना सांगायचं असेल, तर महिना बघून सांगा. संत्र्याची पिकं दोन: आंबिया बहाराचं नोव्हेंबर-डिसेंबरात, मृग बहाराचं फेब्रुवारी-मार्चात. एप्रिलनंतर पाहुणे बोलावले तर रस डब्यातलाच निघेल, आणि नागपुरात डब्यातला संत्र्याचा रस पाजल्याची बातमी तुमच्या आधी खाली उतरते. व्हर्मुथ नावाची एक बाटलीही आणाल. ती मुळात वाईन आहे. फोडली की फ्रिजमध्ये ठेवून महिना-दोन महिन्यांत संपवायची असते. तुमची तिसऱ्या वर्षात आहे. राहू द्या, निळ्या दिव्यात छान दिसते.

दिव्यांविषयी दोन शब्द, कारण बार म्हणजे ऐंशी टक्के दिवेच. फळ्यांमागे एलईडीची पट्टी लावून घ्या, रंग बदलणारी. रिमोट असतो. तो रिमोट पहिल्या आठवड्यात हरवतो आणि बार कायमचा जांभळा राहतो. समोरच्या बिल्डिंगमधल्या काकू एक दिवस लिफ्टमध्ये विचारतील, ‘तुमच्याकडे डास मारायचं मशीन मोठं आहे हो. कुठून घेतलं?’

मग येतो उद्घाटनाचा शनिवार. या दिवसासाठीच सगळं केलेलं असतं, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. मित्र येतात. पहिला दारातच थबकतो आणि म्हणतो, ‘बाप्पा! हे काय करून राहिला बे? घरात बियर बार टाकला का?’ तुम्ही काउंटरमागे उभे राहता. खांद्यावर नॅपकिन. हा तुमच्या आयुष्यातला सर्वोच्च क्षण आहे, साधारण अकरा मिनिटं टिकतो. तुम्ही कॉकटेलचं नाव सांगता, ते म्हणतात, ‘आमाले साधीच दे ना बे, पाणी टाकून.’ तुम्ही शेकर खाली ठेवता. सिंगल माल्ट व्हिस्कीची बाटली काढता, धुराचा मंद वास, आठ हजारांची. तेवढ्यात एकजण पिशवीतून सावजीचं पार्सल काढतो. पिशवी उघडली की खसखस, खोबरं आणि लाल तर्री यांचा जो दरवळ सुटतो, त्यापुढे स्कॉटलंडचा सगळा धूर काही करू शकत नाही. पहिल्या घासानंतर जिभेला व्हिस्की आणि पाणी यातला फरक एवढाच कळतो की पाणी थंड आहे.

थंड म्हणजे बर्फ. तुमच्या फ्रिजच्या ट्रेमध्ये चौदा खडे निघतात. चार माणसं, एक फेरी, खलास. मग एकेक जण ग्लास घेऊन स्वयंपाकघरात जातो, दुसरा ट्रे आपटतो, आणि तिथेच ओट्याला टेकून उभा राहतो, कारण ओट्याची उंची टेकायला बरोबर आहे. काउंटरमागे तुम्ही एकटे. नॅपकिन खांद्यावर. त्यात लाइन जाते. जांभळा उजेड विझतो, कूलर घरघरून थांबतो, आणि अंधारात कुणीतरी म्हणतं, ‘भल्ली गर्मी होऊन राहिली बे इथं. गच्चीवर चाल ना.’

गच्चीवर काय असतं? रंगाचा वीस लिटरचा रिकामा डबा उपडा टाकलेला, त्यावर कालचा पेपर, पेपरवर फुटाणे आणि उभा चिरलेला कांदा. दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, बाकीचे कठड्यावर. पाण्याची टाकी पाठीला लागली तर ऊबदार. स्टीलचे ग्लास, कारण काचेचे वर न्यायला बायकोने मनाई केली आहे. रात्री दहानंतर वाऱ्याची एक झुळूक येते, फुटाळा तलावाकडून असावी असं सगळे मानतात. तिथे दोन वाजेपर्यंत जे बोलणं होतं ते तुमच्या बारसमोर कधीच झालेलं नसतं. लाइन केव्हा आली तेही कुणाला कळत नाही. मला अजून एक कळलेलं नाही. हा रंगाचा डबा फुकट होता, तरी त्यावर ग्लास कधी हलत नाही. माझ्या काउंटरला सात हजारांचा ग्रॅनाइट आहे आणि त्यावर ग्लास घसरतो.

हो, माझा. मला विचारतात ते यासाठी.

कोरड्या दिवसांचं सांगायचं राहिलं. गांधी जयंतीला, आषाढीला, मतदानाच्या दिवशी दुकानं बंद. घरात बार असला की त्या दिवशी तुमची खरी किंमत होते. चार वर्षांत जिन्यात कधी मान न हलवलेले तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ संध्याकाळी सातला बेल वाजवतात आणि विचारतात, ‘भाऊ, तब्येत कशी आहे?’ तब्येतीची अशी चौकशी तुमच्या डॉक्टरांनीही केली नसेल.

आणि भाद्रपद. आपल्याकडे महालक्ष्म्या बसतात, अडीच दिवसांच्या, सोळा भाज्या, आंबील, पुरणपोळ्या, आणि जेवायला सगळं गणगोत. बायको दहा दिवस आधी काउंटरकडे नुसतं बघते. बोलत काही नाही. तुम्हीच उठता. बाटल्या कुठे ठेवायच्या? दिवाणात ठेवल्या असत्या, पण तो तुम्ही काढला. म्हणून गव्हाच्या कोठीत. कडुनिंबाच्या पाल्याखाली, एकेक बाटली जुन्या पायमोज्यात घालून, वाजू नये म्हणून. काउंटरवर चादर, चादरीवर पत्रावळींचे गठ्ठे. कुणी विचारलं तर ‘सर्व्हिंग टेबल’. गेल्या वर्षी मावशींनी इतकं कौतुक केलं, ‘उभ्याने वाढायला किती सोयीचं केलंस रे, कंबर वाकवावी लागत नाही,’ की मला क्षणभर वाटलं, मिस्त्री ४२ इंचांवर गेला नाही ते बरंच झालं. दिवाळीला दळण काढताना पायमोजा निघाला. त्यातली जिन मी संपली असं समजून दुसरी आणली होती.

राहता राहिले सासरे. ते वर्ध्याचे, पाऊणशे किलोमीटरवर, गांधीजींच्या सेवाग्रामच्या जिल्ह्यातले. त्या जिल्ह्यात दारूबंदी आहे आणि सासरे तिथे पस्तीस वर्षं शिक्षक होते. ते येणार म्हटल्यावर मी सगळी कोठी भरली, फ्रेम केलेला परवाना उलटा करून त्यावर शेगावच्या महाराजांचा फोटो लावला. आले, चहा घेतला, हॉलमध्ये फेरी मारली. काउंटरपाशी थांबले. ग्रॅनाइटवरून हात फिरवला. मी श्वास रोखून धरला होता. त्यांनी पेपर उलगडून काउंटरवर पसरला, कोपर टेकवले, चष्मा लावला आणि उभ्यानेच वाचायला लागले. मणक्याचा त्रास आहे, त्यांना फार वेळ बसवत नाही. पाऊण तास वाचत होते, शब्दकोड्यासकट. मग मान वर न करता म्हणाले, ‘जावईबापू, हे बेस केलं. फक्त हा जांभळा दिवा बदलून पांढरा टाका, अक्षर लागत नाही.’

दुसऱ्या दिवशी पांढरा टाकला.