काढा घ्या, पण कुणाला सांगू नका

हृदयविकाराचा झटका येऊन गेला, धमनीत स्टेंट बसला आणि घरी जाताना हातात गोळ्यांची लांबलचक यादी पडली, की सुजाण रुग्णाने सर्वप्रथम एक गोष्ट पक्की ध्यानात घ्यावी. यादीतल्या गोळ्या म्हणजे रसायने आणि काढ्याच्या पुडीतले चूर्ण म्हणजे निसर्ग. रसायनांना दुष्परिणाम असतात, निसर्गाला फक्त गुण असतात. बचनाग आणि कण्हेर याही वनस्पतीच आहेत आणि त्या हृदयाचे ठोके बिघडवून माणसाचा जीव घेऊ शकतात, असे कोणी मध्येच म्हणाले, तर त्याला नकारात्मक विचारांचा ठरवून विषय बदलावा.

दुसरे तत्त्व थोडे सूक्ष्म आहे. तुमचा काढा धमन्यांत वर्षानुवर्षे साठलेला चरबीचा थर धुऊन काढण्याइतका जालीम आहे आणि त्याच वेळी तो इतका सौम्य आहे की, त्याच पोटात गेलेल्या गोळीला त्याचा धक्कासुद्धा लागत नाही. या दोन्ही गोष्टींवर एकाच वेळी विश्वास ठेवता आला पाहिजे. अडचण फक्त यकृताची आहे, कारण त्याला हा भेद कळत नाही. मन प्रसन्न राहावे म्हणून घेतलेली सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती यकृतातील औषधे मोडणाऱ्या विकरांना असे काही कामाला लावते की, रक्त गोठू न देणारे वॉरफॅरिन आणि कोलेस्टेरॉल उतरवणारे सिमव्हास्टॅटिन यांसारखी औषधे आपले काम पुरे करण्याआधीच शरीराबाहेर जातात. मूत्रपिंडही तसेच हटवादी. ज्येष्ठमध दीर्घकाळ आणि भरपूर घेतला, तर शरीरात मीठ व पाणी साठते, रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम घटते. रुग्ण डिगॉक्सिन हे हृदयाचे औषध घेत असेल, तर त्या घटलेल्या पोटॅशियममुळे नेहमीचीच मात्रा विषारी ठरू शकते. पण घशाला किती बरे वाटते, ते पाहा.

आता मात्रेविषयी. 1785 साली विल्यम विदरिंग नावाच्या इंग्रज वैद्याने एका चांगल्या काढ्याची वाट लावली. जलोदरावरच्या त्या घरगुती काढ्यात वीसेक वनस्पती होत्या. हा गृहस्थ त्या मुकाट्याने उकळायचे सोडून, नेमका गुण कोणत्या वनस्पतीचा, हे शोधत बसला. ती फॉक्सग्लोव्ह नावाची विषारी वनस्पती निघाली. मग किती दिल्याने सूज उतरते आणि किती दिल्याने उलट्या होऊन नाडी मंदावते, याची त्याने दहा वर्षे नोंद ठेवली आणि अपयशेसुद्धा छापून टाकली. डिगॉक्सिन हे त्याच कुळातले औषध आज मायक्रोग्रॅममध्ये मोजून देतात, आणि तरीही डॉक्टर रक्तातील त्याची पातळी तपासायला सांगतात. आपल्याकडे चमचा आहे. तो कधी सपाट असतो, कधी शिगोशीग, आणि श्रद्धेनुसार त्याचा आकारही बदलतो.

लाल यीस्ट तांदळाचा अर्क घेणाऱ्यांनी तर विशेष निश्चिंत असावे. कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी स्नायू दुखवते म्हणून ती बंद करून हा अर्क घ्यावा. त्यातील मोनाकोलिन के आणि लोव्हास्टॅटिन हे रासायनिकदृष्ट्या एकच द्रव्य आहे, ही किरकोळ बाब मनावर घेऊ नये. खरे शूर तर दोन्ही एकदम घेतात आणि स्नायू आणखी दुखू लागले, की दोष व्यायामाला देतात.

हृदयरुग्णांच्या पुनर्वसन केंद्रात पहिल्या दिवशी परिचारिका विचारते, 'या गोळ्यांखेरीज आणखी काही घेता का?' समोरच्या अर्जात 'इतर औषधे' असा एक रकाना असतो. तिथे एक ठसठशीत आडवी रेघ ओढावी. काढा हे औषध थोडेच आहे, तो तर आहाराचा भाग आहे. घरी मात्र ठणकावून सांगावे की खरा गुण त्या काढ्याचाच, बाकीच्या गोळ्या आपल्या डॉक्टरांच्या समाधानासाठी. तिने फारच खोदून विचारले आणि पुडी दाखवायची वेळ आली, तरी भिण्याचे कारण नाही. पुडीवर ना नाव असते, ना घटक, ना तारीख.

कधी कधी एखादा वैज्ञानिक वनौषधीची खरोखरच परीक्षा घेतो, त्याकडे दुर्लक्ष करावे. हॉथॉर्न या वनस्पतीचा अर्क हृदय दुर्बल झालेल्या 2,681 रुग्णांच्या एका चाचणीत नेहमीच्या उपचारांच्या जोडीला दोन वर्षे तपासला गेला. निम्म्यांना अर्क मिळाला, निम्म्यांना हुबेहूब दिसणारी, औषध नसलेली गोळी. 2008 मध्ये निष्कर्ष छापून आले : अर्काने अपाय असा झाला नाही, पण मृत्यू, झटके आणि रुग्णालयातील भरती या एकत्रित मुख्य निकषावर लक्षणीय फरकही पडला नाही. असल्या चाचणीत रुग्ण काय घेतो हे वैद्यांच्या नजरेखाली असते, म्हणजे आपल्या पद्धतीचा गाभाच तिथे हरवलेला असतो.

श्रेयाचा हिशेबही आधीच ठरवून ठेवावा. आठवड्यातून तीनदा नाडीवर लक्ष ठेवून करवून घेतलेला व्यायाम, सुटलेली सिगारेट, कमी झालेले मीठ, रोज वेळेवर घेतलेल्या गोळ्या, या सगळ्यांनंतर सहा मिनिटांच्या चालण्याच्या चाचणीत तुम्ही पूर्वीपेक्षा लांब गेलात, तर तो काढ्याचा विजय. हिरड्यांतून रक्त येऊ लागले, दंडावर विनाकारण काळेनिळे डाग उठले, तर तो मात्र अॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या गुठळी रोखणाऱ्या गोळ्यांचा गुन्हा. सोबत घेतलेल्या जिंको या वनस्पतीच्या आणि लसणाच्या अर्काचा त्यात हात असू शकतो, ही शंकासुद्धा मनात आणू नये.

एवढे बरे वाटू लागल्यावर गोळ्या आपल्या मनानेच बंद कराव्यात. झटक्यानंतर स्टेंट बसवलेल्यांना रक्ताची गुठळी रोखणाऱ्या दोन गोळ्या साधारण वर्षभर घ्यायला सांगतात, कारण त्या अवेळी सोडल्या तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. पण ती एकाएकी होते, आधी कळवून येत नाही, त्यामुळे आजचा दिवस तरी छानच जातो.

आणि हा अनुभव स्वतःपाशी ठेवू नका. पलीकडच्या ट्रेडमिलवर जे गृहस्थ चालत आहेत, त्यांच्या हृदयात धातूची झडप आहे, ते वॉरफॅरिनवर आहेत आणि त्यांचा आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारा आकडा, महत्प्रयासाने जागेवर आला आहे. त्यांना आपल्यातली अर्धी पुडी जरूर द्या. आजार वेगळा असला म्हणून काय झाले, हृदय दोघांचेही डाव्याच बाजूला आहे.