बँकेत जाऊन येतो

लालबागला एक चाळ पुनर्विकासासाठी रिकामी झालीय आणि तिसऱ्या मजल्यावर मंडळाच्या वाचनालयाची पुस्तकं तशीच पडून आहेत, ही खबर मला सलूनमध्ये मिळाली. मान वस्तऱ्याखाली होती, नाहीतर तिथूनच धावत सुटलो असतो.

1909 साली 'मनोरंजन' मासिकानं पहिला दिवाळी अंक काढला. त्याची एक प्रत गिरणगावातल्या कुठल्यातरी पोटमाळ्यावर माझी वाट बघत पडलीय, अशी माझी वीस वर्षांची श्रद्धा आहे. या श्रद्धेपायी आजवर दहावीच्या भूमितीची अकरा गाइडं घरी आली. म्हणून हल्ली निघताना टॉर्च घेतो, तोंडाला रुमाल बांधतो आणि बायकोला सांगतो, ''बँकेत जाऊन येतो.''

दारात वॉचमन. ''कोण पायजे?''

''कुणी नको. पुस्तकं बघायचीत.''

''बिल्डरचा मानूस न्हाय ना?'' उत्तर त्यानं माझ्या चपलांकडे बघून स्वतःच मिळवलं आणि बाजूला झाला.

जिन्याच्या काही पायऱ्या होत्या, काही नव्हत्या. कठड्याला हात लावला तर त्यानंच माझा आधार घेतला. वाचनालयातली कपाटं भंगारवाल्यानं नेली होती, पुस्तकं मात्र जमिनीवर ओतून गेला होता. इतकं रोखठोक परीक्षण अजून कुठल्या समीक्षकाला जमलेलं नाही. भिंतीवर 'शांतता राखा' ही पाटी, आणि तिच्यावर बसून घुमणारी सात-आठ कबुतरं.

ढिगात सभासदांची नोंदवही सापडली. 18 जानेवारी 1982 ला अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले. वहीत मार्चपर्यंत लोक कादंबऱ्या नेताना दिसतात. पुढच्या पानांवर एकच मजकूर, खालपर्यंत: 'वर्गणी बाकी', 'वर्गणी बाकी'. मी ती वही जरा वेळ हातात धरून बसलो. मग शिंका सुरू झाल्या. सतरा मोजल्या, पुढे मोजायचं सुचलं नाही.

आणि हाती लागले बाबूराव अर्नाळकर! हजारावर रहस्यकथा लिहिलेला माणूस, कुठेतरी भेटायचाच. कव्हर शाबूत, शेवटचं पान शाबूत, कसरीनं खाल्ल्या त्या नुसत्या कडा. पहिल्या पानावर पेन्सिलीनं लिहिलेलं, 'खुनी मामा आहे'. त्याखाली दुसरं अक्षर, 'गाढवा, सांगतोस कशाला?' त्याच्याखाली शाईनं, 'मामा नव्हे, डॉक्टर.'

पुस्तक छातीशी धरून खाली आलो. वॉचमननं हात पुढे केला.

''तेवढं र्‍हाऊ द्या सायेब. माजं अर्धं झालंय.''

मधे खरंच बिडीच्या बंडलाचा कागद खुणेला घातलेला होता. आता वाचणाऱ्याच्या हातातून पुस्तक ओढायचं कसं?

''खून कुणी केला मग?'' मी विचारलं.

''डाक्टरवर डाऊट हाय. पन मामाबी साधा न्हाय.'' माझा पडलेला चेहरा बघून त्यानं खाटेखालून एक पुस्तक काढलं. ''ह्ये न्या. कोरं हाय अजून.''

घरी बायकोनं माझ्या डोक्यावरची पिसं झटकली, काखेतलं भूमितीचं गाइड पाहिलं आणि विचारलं, ''बँकेनं दिलं?''