फॉरमॅट मारायच्या आधी तो मेसेज वाचा

गेल्या शनिवारी दुकान बंद करायच्या वेळेला एक ताई सीपीयू घेऊन आल्या. तहसील कचेरीसमोर त्यांचं टायपिंगचं टेबल आहे. प्रतिज्ञापत्रं, वारसाचे अर्ज, भाडेकरार. पाऊस म्हणून सीपीयू प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, स्कूटीवर पुढे पायांत धरून आणला होता. काउंटरवर ठेवला तरी त्यांचा हात त्याच्यावरच. म्हणाल्या, "दादा, फॉरमॅट सोडून काही होत असेल तरच उघडा. नाहीतर तसाच परत नेते."

तीन वर्षांपूर्वी एका दुकानात त्यांच्या कॉम्प्युटरला असाच काहीतरी किरकोळ त्रास झाला, तेव्हा न विचारता फॉरमॅट मारला होता. डेस्कटॉपवर त्यांच्या वडिलांनी एकेक करून बसवलेले मसुदे होते. कुठल्या अर्जाला कुठला मजकूर, कुठे काय जोडायचं, सगळं. वडील आज नाहीत. मसुदे त्या दिवशी गेले ते गेलेच. आणि आता टास्क मॅनेजर (कुठले प्रोग्राम चालू आहेत ते दाखवणारं विंडोजचं साधन) उघडत नाही म्हटल्यावर पुन्हा एकाने तेच सांगितलं होतं: विंडोज करप्ट झालंय, नवीन मारावं लागेल.

मी अठरा वर्षं हेच काम करतोय, आणि ह्या एका गोष्टीची मला मनापासून चीड आहे. म्हणून आज सविस्तर लिहितो.

मी ताईंना विचारलं, उघडायला गेलं की नेमकं काय लिहून येतं? त्यांनी मोबाइलवर फोटो काढून ठेवला होता. (हे त्यांनी फार चांगलं केलं. सगळ्यांनी करा.) मेसेज होता: विंडोजला टास्कएमजीआर डॉट ईएक्सई ही फाइल सापडत नाही, नाव बरोबर टाइप केलंय का बघा. विंडोजच्या स्वतःच्या फाइल्स असतात तो सिस्टम३२ फोल्डर मी उघडला. फाइल जागेवर, धडधाकट. म्हणजे जी फाइल समोर दिसतेय तीच सापडत नाही, असं विंडोज म्हणतंय. इथेच थांबून विचार करायचा असतो.

विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे त्याच्या सगळ्या सेटिंगच्या नोंदवहीत, 'इमेज फाइल एक्झिक्यूशन ऑप्शन्स' नावाची एक जागा आहे. मुळात प्रोग्रामरांसाठी केलेली सोय. तिथे एखाद्या प्रोग्रामच्या नावाखाली 'डीबगर' अशी नोंद टाकली, की तो प्रोग्राम चालू करायला गेलं तरी विंडोज नोंदीत लिहिलेला दुसराच प्रोग्राम चालू करतं. पोस्टात पत्ता बदलल्याचा अर्ज दिला की जुन्या पत्त्यावरची पत्रं नव्या घरी जातात, तसं. ताईंच्या मशीनवर टास्क मॅनेजरचा पत्ता असाच बदललेला होता. आधीच्या कुणा कारागिराने प्रोसेस एक्सप्लोरर वापरला होता. टास्क मॅनेजरचंच काम जास्त बारकाईने करणारं, मायक्रोसॉफ्टचंच, फुकट मिळणारं, उत्तम टूल आहे ते. त्यात 'रिप्लेस टास्क मॅनेजर' असा पर्याय आहे, तो त्याने दाबलेला. प्रोसेस एक्सप्लोरर पडून होता डाउनलोड्स फोल्डरमध्ये. सी ड्राइव्ह लाल झाला म्हणून ताईंनी डाउनलोड्स रिकामं केलं. त्यांची काहीच चूक नाही, ती फाइल तिथे ठेवणाऱ्याची चूक. नवं घर पाडलं गेलं, पत्ता मात्र तोच राहिला.

ती एक नोंद काढली. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबलं. टास्क मॅनेजर उघडला. सगळं मिळून पंचवीस मिनिटं, त्यात चहा आला.

आता समजा ताईंचा मेसेज वेगळा असता: 'टास्क मॅनेजर हॅज बीन डिसेबल्ड बाय युअर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर'. तर दुखणं वेगळं असतं. इथे काहीही मोडलेलं नसतं, कुणीतरी कुलूप घातलेलं असतं. शाळा, ऑफिस, सायबर कॅफेसाठी विंडोजमध्येच ही कुलपं दिलेली आहेत: टास्क मॅनेजरला एक, रजिस्ट्री एडिटरला एक, कमांड प्रॉम्प्टला (आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडकीला) एक. मशीन ऑफिसचं असेल तर आयटीवाल्याला विचारा, स्वतः कुलूप फोडू नका. मशीन घरचं असेल आणि तुम्ही कुलूप घातलेलं नसेल, तर व्हायरसचा संशय घ्या. २००५ साली आलेल्या ब्रॉन्टॉकसारख्या वर्मनी (स्वतःहून पसरणाऱ्या व्हायरसांनी) हेच केलं होतं, आधी रजिस्ट्री एडिटर आणि फोल्डर ऑप्शन्स बंद, म्हणजे त्याला शोधायचं साधनच हातातून जातं. आपल्याकडे पेनड्राइव्हमधून असल्या गोष्टी किती फिरल्या ते त्या काळात काम केलेल्या प्रत्येकाला आठवत असेल. २०११मध्ये मायक्रोसॉफ्टने पेनड्राइव्हचं ऑटोरन (लावताच त्यातला प्रोग्राम आपोआप चालू होणं) अपडेटने बंद केलं तेव्हा कुठे श्वास घेता आला. तर अशा वेळी आधी पूर्ण स्कॅन, मग कुलूप काढणं. उलट केलं तर दहा मिनिटांत कुलूप परत लागतं.

'जीपीएडिट (असली कुलपं घालायचं-काढायचं विंडोजचं साधन) उघडत नाही' म्हणून दर महिन्याला एक-दोन जण येतात. तुमचं विंडोज होम एडिशन असेल तर त्यात ते साधनच दिलेलं नाही. बिघाड नाही.

आणि कधी कधी तुमच्या मशीनचा दोषच नसतो. १ नोव्हेंबर २०२१पासून विंडोज ११ असलेल्या कितीतरी मशीनवर स्निपिंग टूल (स्क्रीनचा फोटो काढायचं साधन) एकदम उघडेना. मायक्रोसॉफ्टच्या एका डिजिटल सर्टिफिकेटची (प्रोग्राम अस्सल असल्याच्या खुणेची) मुदत आदल्या दिवशी, ३१ ऑक्टोबरला, संपली होती. लक्ष्मीपूजन ४ नोव्हेंबरला, दुकानात दिवाळीची गर्दी, आणि लोक घाबरून फोन करतायत. मायक्रोसॉफ्टने स्वतःच सांगितलं की तोवर प्रिंट स्क्रीन दाबून पेंटमध्ये चिकटवा, मग दुरुस्तीचं अपडेट आलं. त्या आठवड्यात ज्यांनी फॉरमॅट मारून त्याच फाइल्स पुन्हा टाकल्या असतील, त्यांना काय मिळालं? तेच मुदत संपलेलं सर्टिफिकेट. डेटा गेला तो वेगळा.

मग करायचं काय, तर मी करतो ते सांगतो. पहिलं, रीस्टार्ट. शटडाउन करून पुन्हा चालू करणं वेगळं. विंडोज ८पासून फास्ट स्टार्टअप आलंय, त्यात शटडाउन केलं तरी विंडोजचा गाभा पूर्ण बंद न होता डिस्कवर जपून ठेवला जातो. रीस्टार्टमध्ये तो खरोखर नव्याने सुरू होतो. मग तारीख-वेळ बघतो. बोर्डावरचा सीआर२०३२ सेल उतरला की तारीख मागे जाते आणि भलत्याच गोष्टी अडतात. मग नवीन यूजर अकाउंट काढून तेच टूल तिथे उघडून बघतो. तिथे उघडलं तर विंडोज ठीक आहे, बिघाड त्या एका यूजरच्या प्रोफाइलमध्ये आहे. तिथेही नाही उघडलं तर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून आधी डीआयएसएमची रिस्टोअर हेल्थ, नंतर एसएफसी स्कॅननाऊ. विंडोजच्या बिघडलेल्या फाइल्स तपासून दुरुस्त करणाऱ्या ह्या दोन आज्ञा. डीआयएसएमला दुरुस्तीच्या फाइल्स विंडोज अपडेटवरून आणाव्या लागतात, म्हणून इंटरनेट चालू ठेवा. मध्येच आकडा अडकल्यासारखा वाटतो, तेव्हा खिडकी बंद करू नका. थांबा. सेफ मोडमध्ये (विंडोज फक्त गरजेपुरतं चालू करायची पद्धत) जायची वेळ आली, तर आधी बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरच्या डेटाचं सांकेतिक कुलूप, चालू आहे का बघा आणि त्याची ४८ अंकी रिकव्हरी की हाताशी ठेवा, नाहीतर आपल्याच डिस्कबाहेर उभं राहायची वेळ येते. इंटरनेटवर 'सगळं ठीक करणारी' एका क्लिकची फाइल मिळते, ती मी कधीच चालवत नाही.

फॉरमॅट मी करतो. व्हायरसने आतपर्यंत पोखरलं असेल, मशीनवर भरवसा ठेवण्यासारखं उरलं नसेल, तर करावाच लागतो. पण आधी डिस्क काढून डेटा दुसरीकडे घेतो, मालकाला समोर बसवून फोल्डर दाखवतो, टॅलीचा डेटा, जुने मराठी फॉन्ट, डेस्कटॉप, सगळं आलं का विचारतो, आणि मगच. माझ्या व्यवसायबंधूंना हात जोडून सांगतो, फॉरमॅटला तास लागतो आणि निदानालाही तासच लागतो. पैसे निदानाचे घ्या, गिऱ्हाईक देतं.

ताई निघताना पावतीकडे बघत होत्या. मी नुसतं 'सॉफ्टवेअर दुरुस्ती' लिहिलं होतं. म्हणाल्या, "दादा, काय झालं होतं ते मराठीत लिहून द्या ना. पुढच्या वेळी कुणी फॉरमॅट म्हणालं तर दाखवते." पावतीच्या मागे पाच ओळी लिहून दिल्या. त्यांनी पावतीचा फोटो काढला, आधीच्या त्या मेसेजच्या फोटोशेजारी ठेवला, आणि सीपीयू पुन्हा पिशवीत गुंडाळला.