सुपरहिरोंनो, तुमचं गाव कोणतं?

(स्पॉयलर भरपूर आहेत. ज्यांचं बघायचं राहिलंय त्यांनी आधी बघून या, मग वाचा.)

२०२१ च्या 'इटर्नल्स'मध्ये शेवटी हिंदी महासागरातून टियामट वर येतो. पृथ्वीच्या पोटात वाढलेला सेलेस्टियल, म्हणजे देवासारखा महाकाय जीव, डोंगरांहून मोठा. डोकं आणि हात पाण्याबाहेर येतात, तेवढ्यात त्याचा दगड होतो आणि तो तसाच अर्धवट उभा राहतो. दृश्य म्हणून अप्रतिम. पण समुद्रकाठच्या माणसाला पहिला प्रश्न हाच पडतो, की एवढं धूड वर आलं तर पाणी गेलं कुठे? २००४ च्या डिसेंबरात सुमात्राजवळ समुद्राचा तळ हलला, तर तामिळनाडूपासून थेट आफ्रिकेपर्यंतचे किनारे धुऊन निघाले. इथे अख्खा देव उगवला आणि श्रीलंका, मालदीव, केरळ, कोकण, कुठेच काही नाही. बरं, त्यानंतर मार्वलच्या सिनेमांत त्या दगडी राक्षसाचं जवळजवळ कुणी नावही काढलं नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये 'कॅप्टन अमेरिका: ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' आला तेव्हा कुठे त्याची आठवण झाली, तीही त्यातल्या अ‍ॅडमँटियम धातूसाठी. त्या दगडी देहाच्या बेटाजवळ अमेरिकेची जहाजं, जपानची जहाजं, डोक्यावरून विमानं. हिंदी महासागरात एवढी मोठी लढाई होते आणि पडद्यावर मासेमारीची एक बोट दिसत नाही.

मी 'आयर्न मॅन'पासून, म्हणजे २००८ पासून, हे सगळं मनापासून बघत आलेय. रत्नागिरीला हिंदी डबमध्ये लागला तर तिथे, नाहीतर मुंबईला जाऊन. 'एंडगेम'ला रडलेय. त्यामुळे "तुला हे कळत नाही, तू आर्ट फिल्म बघ" असं कृपा करून कुणी कमेंटमध्ये लिहू नका. माझी तक्रार कळण्याची नाहीच. गेल्या पाच-सहा वर्षांतले बहुतेक सुपरहिरो कुठेच राहत नाहीत, कुणाचे शेजारी नाहीत, आणि त्यांच्या मारामारीनंतर मागे काय उरलं याची कुणाला पडलेली नाही, ही माझी तक्रार आहे.

३ जून २०२० ला 'निसर्ग' चक्रीवादळ आलं तेव्हा आम्ही आंजर्ल्याच्या घरी होतो. वादळ काही तासांत निघून गेलं. त्यानंतर काय झालं ते आमच्याकडच्या कुणालाही विचारा. पत्रे शेजारच्या आगरात, कौलांचा चुरा, पोफळी मधूनच मोडलेल्या, माड मुळासकट आडवे, आणि वीज कित्येक आठवडे नाही. आत्याने आगरात पाय ठेवला आणि "आता उजेड किती पडलाय बघ" एवढंच म्हणाली. सावली देणारं झाडच उरलं नव्हतं. पोफळ लावल्यापासून सुपारी हातात यायला सहा-सात वर्षं जातात. तेव्हा लावलेली रोपं आता कुठे धरायला लागली आहेत. तेवढ्या काळात मार्वलने न्यूयॉर्क, लंडन, वॉशिंग्टन आणि निरनिराळी विश्वं पाडून परत उभी केली. पुढच्या दृश्यात रस्ते झाडलेले. हे बघताना माझ्या पोटात काही हलतच नाही. इमारत पडते, पण त्या इमारतीत कोण राहत होतं हे कुणी सांगितलेलंच नसतं.

म्हणून मला अलीकडच्या सगळ्या विज्ञानकल्पनापटांत 'गॉडझिला मायनस वन' (२०२३) सर्वांत वरचा वाटतो. दुसरं महायुद्ध संपलंय, टोकियो जळून गेलंय, आणि नायक शिकिशिमा हा मरायला पाठवलेला पण मरायला न धजावलेला कामिकाझे वैमानिक आहे. परत येतो तर घर नाही, आईवडील नाहीत. शेजारीण तोंडावर विचारते की तू जिवंत कसा. तो पत्र्या-फळ्यांच्या झोपडीत राहायला लागतो, आणि पिक्चर पुढे सरकतो तशी ती झोपडी हळूहळू घर होत जाते. भिंत येते, दार येतं. गॉडझिला शहरात शिरतो तोवर आपल्याला त्या घराची किंमत कळलेली असते.

आणि समुद्र! शिकिशिमाला नोकरी मिळते ती पाण्यातले सुरुंग काढायची. त्यासाठी मुद्दाम लाकडी बोट, कारण चुंबकीय सुरुंगाला लोखंड कळतं, लाकूड कळत नाही. गॉडझिला वर येण्याआधी खोल पाण्यातले मासे पोट फुगून पृष्ठभागावर तरंगायला लागतात. हा सिनेमा मी नेटफ्लिक्सवर पाहिला, तेव्हा शेजारचे तांडेल काका येऊन बसले होते. त्यांना जपानी येत नाही, सबटायटल त्यांनी वाचली नाहीत. ते मासे दिसल्याबरोबर म्हणाले, "हा खोलातून चढतोय. खोलातला मासा झटक्यात वर ओढला की त्याचा फुगा असाच तोंडात येतो." पुढे सिनेमात गॉडझिलाला मारायचा बेतही नेमका त्याच तत्त्वावर आहे. त्याला एकदम खोल बुडवायचं, मग एकदम वर आणायचं आणि दाबातल्या फरकाने फोडायचं. काकांना तो बेत आमच्याआधी कळला. शेवटी मोठ्या जहाजांची ताकद कमी पडते तेव्हा छोट्या टगबोटी मदतीला येतात, तिथे ते खुर्चीतून उठून उभे राहिले. २००९ च्या 'फयान' वादळानंतर न परतलेल्या बोटी शोधायला आमच्या किनाऱ्यावरून कोण गेलं होतं, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना ते का उठले हे सांगायला नको.

या सिनेमाचा खर्च दीड कोटी डॉलरहूनही कमी होता, असं दिग्दर्शक ताकाशी यामाझाकी यांनीच सांगितलंय. त्यांनी व्हीएफएक्सचं, म्हणजे संगणकावरच्या दृश्यकरामतींचं, कामही स्वतः सांभाळलं, छोटी टीम घेऊन, आणि २०२४ मध्ये त्यासाठी ऑस्कर नेलं. वीस-वीस कोटी डॉलर ओतून 'क्वांटमेनिया'सारखा चिखलाच्या रंगाचा पडदा दाखवणाऱ्यांनी यावर जरूर विचार करावा. त्यात ग्राफिक्सच्या पोरांचा दोष मी धरत नाही. त्यांना वेळ मिळत नाही, शेवटच्या क्षणी सीन बदलतात, हे त्यांनीच वारंवार सांगितलं. सप्टेंबर २०२३ मध्ये मार्वलच्या व्हीएफएक्स कामगारांनी एकमताने युनियन केली ती काय उगीच नाही. श्रेयनामावली बघत बसा, आपल्याकडची आडनावं ढिगाने दिसतील. 'ड्यून'ला ऑस्कर मिळवून देणाऱ्या डीनेग या व्हीएफएक्स कंपनीचं मुंबईत मोठं काम चालतं.

'ड्यून: पार्ट टू' (२०२४) साठी मी मुंबईला गेले आणि तो खर्च मला आजही सार्थकी लागलेला वाटतो. वाळवंटातली ती माणसं मेलेल्याच्या शरीरातलं पाणी वाया जाऊ देत नाहीत. दुःखात डोळ्यांतून पाणी काढणं हीसुद्धा तिथे चैन. एवढ्या एका गोष्टीवर दिग्दर्शक डेनिस व्हिलनव्हने अख्खा समाज उभा केलाय. शत्रूच्या ग्रहावर रंगच नाहीत, ते भाग इन्फ्रारेडमध्ये चित्रित केलेत, माणसांची कातडी तिथे मेणासारखी दिसते. कुणी भाषण देऊन सांगत नाही की ही जागा वाईट आहे. बघितल्यावर कळतं.

'अवतार'बद्दल थोडक्यात. २०२२ च्या भागातलं पाणी मी पडद्यावर पाहिलेलं सर्वांत खरं पाणी. गोष्ट मात्र तीच ती, मुलं पळवा आणि मुलं सोडवा.

आता मल्टिव्हर्स, म्हणजे एकाच वेळी अनेक समांतर विश्वं असतात ही कल्पना. मेलेला नायक दुसऱ्या विश्वातून परत आणायची सोय. माझ्या मते या एका कल्पनेने सुपरहिरोपटांचं जेवढं नुकसान केलं तेवढं कुठल्याही खलनायकाने केलेलं नाही. 'लोगन' (२०१७) मध्ये वुल्व्हरिन मरतो. त्याची पोर लॉरा त्याच्या कबरीवरचा क्रूस तिरका करून त्याचा 'एक्स' करते, त्याच्या एक्स-मेन चमूची खूण. सुपरहिरोच्या सिनेमात याहून सुंदर शेवट मी पाहिलेला नाही. २०२४ चा 'डेडपूल अँड वुल्व्हरिन' सुरू होतो तो तीच कबर उकरून, आणि त्याच्याच हाडांनी मारामारी करून. थिएटर हसत होतं. मला ते अतिशय लागलं. पिक्चरने १३० कोटी डॉलरहून जास्त कमावले, त्यामुळे असं आणखी होणार हे उघड आहे. २०२३ च्या 'फ्लॅश'मध्ये तर हयात नसलेले जुने सुपरमॅन संगणकावर बनवून उभे केले. ख्रिस्तोफर रीव्हच्या चेहऱ्याचं ते मेणाचं रूप मला बघवलं नाही. आणि 'एंडगेम'मध्ये टोनी स्टार्क, म्हणजे आयर्न मॅन, गेला म्हणून आपण रडलो, तर तो साकारणारा रॉबर्ट डाउनी ज्युनिअर आता खलनायक डॉक्टर डूम होऊन डिसेंबर २०२६ मध्ये येणार. नट मोठा आहे, काम चांगलंच करेल. पण 'एंडगेम'मधला तो निरोप त्यांनी स्वतःच स्वस्त केला.

परत आणायचंच असेल तर दिग्दर्शक जेम्स गनसारखं आणावं. 'गार्डियन्स ३' मध्ये आधीच्या सिनेमात मेलेली गमोरा आहे, पण ती वेगळी गमोरा. नायक क्विलवर तिचं प्रेम नव्हतंच, शेवटपर्यंत बसत नाही. तो ते मुकाट्याने सोसतो. म्हणजे गेलेली गेलीच. त्याच गनचा 'सुपरमॅन' (२०२५) मला आवडला, खिशातल्या विश्वाचा (पॉकेट युनिव्हर्सचा) तो सगळा पसारा वगळून. हा सुपरमॅन भर लढाईत एक खार वाचवतो. अगदी शेवटी, श्रेयनामावलीनंतर, तो आणि त्याचा साथीदार मिस्टर टेरिफिक दुभंगून परत जोडलेल्या शहराकडे बघतात आणि त्याला दिसतं की भेग नीट जुळलेली नाही, थोडी सरकलीय. इतक्या वर्षांत कुणीतरी पहिल्यांदा डागडुजीकडे बघितलं! आपल्या सेन्सॉरने त्याचं आणि त्याची प्रेयसी लोइस हिचं चुंबन कापलं. त्या दोघांचं नातं हाच सिनेमाचा गाभा असताना मध्येच कात्री लावली, हे मला मुळीच पटलेलं नाही.

'थंडरबोल्ट्स' (२०२५) कमी लोकांनी पाहिला याचं वाईट वाटतं. मार्वलचा अलीकडचा सर्वांत प्रामाणिक सिनेमा तो. त्यातला काळोख म्हणजे बॉब नावाच्या पोराचं आतून खचणं आहे, आणि शेवटी त्याला कुणी ठोसे मारून हरवत नाही, सगळे त्याला धरून ठेवतात. फ्लोरेन्स प्यू सुरुवातीला क्वालालंपूरच्या मर्डेका ११८ या गगनचुंबी इमारतीवरून खरोखर उडी मारते. 'फँटॅस्टिक फोर' दिसायला देखणा, साठच्या दशकातलं ते जग छान रंगवलंय, घरातली माणसं घरातल्यासारखी बोलतात. दुसऱ्यांदा बघावासा मात्र वाटला नाही.

आता आपल्याकडचं. 'कल्की २८९८ एडी' (२०२४) मध्ये अश्वत्थामा पडद्यावर असतो तेवढा वेळ मी श्वास रोखून बघत होते. अश्वत्थामा झालेले अमिताभ तेव्हा ८१ वर्षांचे. गंगा आटलेली काशीही जबरदस्त. प्रभासचे सुरुवातीचे विनोद मात्र कापून टाकले असते तर सिनेमा दुप्पट चांगला झाला असता.

पण मला गाव मिळालं ते मल्याळममध्ये. 'मिन्नल मुरली' (२०२१) बघताना सारखं वाटत होतं की हे आमच्याकडचंच आहे. तोच पाऊस, तेच माड, तीच कौलं, तोच सगळ्यांचं सगळं माहीत असलेला चहाचा ठेला. वीज पडून शक्ती मिळते ती शिंप्याला. तीच वीज शिबूवरही पडते, ज्याला गाव वेडा म्हणून हिणवतं आणि ज्याने वर्षानुवर्षं एकाच बाईची वाट पाहिलीय. गुरु सोमसुंदरमने केलेला शिबू हा माझ्या मते आपल्या देशातल्या सुपरहिरोपटांतला सर्वोत्तम खलनायक. कारण तो गावाने घडवलेला आहे. आणि २०२५ चा 'लोका' बघा. केरळातल्या दंतकथेतली यक्षी, कळ्ळियंकाट्टू नीली, जिच्या नावाने पिढ्यान्‌पिढ्या मुलांना भीती घातली, तिलाच त्यांनी रक्षणकर्ती केलं. ३० कोटींच्या आसपास खर्चात. बाई नायिका असली की पिक्चर चालत नाही म्हणणारे त्यानंतर गप्प आहेत.

मग आम्हीच मागे का? 'दशावतार' (सप्टेंबर २०२५) ने दार उघडलंय. कुणी त्याला सुपरहिरोपट म्हटलं नाही, पण मी म्हणते. दृष्टी जात चाललेला म्हातारा दशावतारी कलाकार, कोकणची जमीन खणायला आलेले लोक, आणि विष्णूच्या एकेका अवताराचा वेश घेऊन त्यांच्यापुढे उभा राहणारा बाबुली मेस्त्री. पोशाख आहे, दुहेरी आयुष्य आहे, आणि वाचवायला खरीखुरी जागा आहे. बाबुली झालेले दिलीप प्रभावळकरही तेव्हा ८१ चेच.

आता कुणीतरी आरवलीच्या वेतोबाला हात घालावा. वेंगुर्ल्याकडच्या मंडळींना सांगायला नको. माणसापेक्षा उंच उभी मूर्ती, केळ्यांच्या घडांचा नवस, आणि भल्यामोठ्या कातडी वहाणा. देव रात्री गावाच्या हद्दीवरून फिरतो, राखण करतो, त्यात वहाणा झिजतात, म्हणून नव्या अर्पण करायच्या. एवढा तयार नायक कुठल्या कॉमिकमध्ये आहे? टीव्हीवर मालिका झाली, मला मोठ्या पडद्यावरचा सिनेमा हवाय. दुसरं विश्व वगैरे काही नको, एका गावाची हद्द पुरे. शूटिंग पावसातच करा. रात्री खऱ्या काळ्या ठेवा, निळा उजेड मारू नका. सुरुवातीला झिजलेली वहाण दाखवा, ती कशी झिजली ते मग सिनेमाभर सांगा. आणि भाषा मालवणीच ठेवा, हवं तर खाली सबटायटल द्या. मल्याळम आम्ही तसंच पाहिलं.